झीलवाल्याचा माईक

हे इथं लिहावं की नाही, याचा मी सहा-सात महिने विचार केला. ओळखीतलं कुणी वाचलं तर पोट धरून हसेल, कारण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना सगळ्यात आधी झापणारी मीच. आमच्या मावशीनं एकदा सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की बंद कारखान्यात माग आपोआप चालतो... मी तिला हाताला धरून नेलं आणि शेजारच्या कारखान्याचा आवाज भिंतीतून कसा येतो ते दाखवलं. मावशी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तर अशी मी. भूत, आत्मा, संकेत — काही मानत नव्हते. आजही मानत नाही... निदान तसं म्हणते तरी.

पण आवाज हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळं "तुला भास झाला असेल" हे कृपा करून कुणी सांगू नका. भास कसा असतो ते मला माहीत आहे.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. आम्ही घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. नान्ना, म्हणजे माझे वडील, यांचे टॉवेलचे बारा माग होते. त्यातले आठ विकले, चार राहिले. रिकाम्या झालेल्या जागेत मधे भिंत घालून मी छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला. भक्तिगीतं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, निवडणुकीत रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती — जे येईल ते करते. भिंतीला फोम आहे, दाराला गादी ठोकलीय, तरी पलीकडं माग चालू असले की बारीक खटक-खटक माईकमध्ये येतंच. मी ओरडते, "नान्ना, आपु!" म्हणजे थांबवा. आणि नान्ना पलीकडून ओरडतात की ऑर्डर तुझा बाप पुरी करणार का?

मागच्या उन्हाळ्यात एका बाईंचा फोन आला. माळशिरसच्या पलीकडच्या एका वाडीवरच्या सुलाक्का. त्यांचे वडील बिरूतात्या, मेंढपाळ, वय सत्तरीच्या पुढं. धनगरी ओवी गाणारे. तात्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि सोलापुरातच ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

"ताई, आठ दिवस हायती. तेवढ्यात त्यांची देवाची ओवी भरून घ्या," सुलाक्का म्हणाल्या.

तात्या आले ते खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि कपाळाला भंडारा. आवाज आधीच घोगरा झाला होता. खोलीभर नजर फिरवून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "हितं दुसरा माईक कुटं हाय?"

"दुसरा कशाला तात्या? एकटेच गाणार ना?"

"म्हाळूचा लाव की. माज्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं."

मी सुलाक्कांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. तात्या स्वतःच म्हणाले, "न्हाय तो आता, ठावं हाय मला. तरी लाव."

मोकळा माईक पडूनच होता, आणि म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? लावला. तर म्हणाले, "वर घे. अजून वर. म्हाळू माज्यापरास उंच व्हता." मी मनात म्हटलं, आज काय खरं नाही.

मधल्या चहाला सुलाक्कांनी सगळं सांगितलं. ओवीत एक जण ओळ म्हणतो आणि थांबतो. त्याच्या डावीकडं मागं उभा असलेला झीलवाला त्या ओळीचं शेपूट पकडतो आणि ओढत नेतो. तेवढ्यात पहिल्यानं दम घ्यायचा आणि पुढची ओळ उचलायची. तात्यांच्या मागं धाकटे भाऊ म्हाळू चाळीस वर्षं झील धरत होते. मग एका जत्रेच्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं. निम्मी मेंढरं विकायची की नाही, एवढंच कारण. संध्याकाळी देवापुढं ओवीला उभे राहिले, आणि तात्या थांबलेच नाहीत. ओळीवर ओळ म्हणत गेले. झीलीला जागाच ठेवली नाही. म्हाळू कानावर हात ठेवून, तोंड उघडून, सगळ्या गावासमोर नुसते उभे. शेवटी घोंगडी उचलली आणि निघून गेले. परत कधी तात्यांच्या मागं उभे राहिले नाहीत, आणि दोन वर्षांनी वारले.

"तवापास्नं ती ओवी उघडी हाय," तात्या बशीतला चहा फुंकत म्हणाले. "मी लई वंगाळ वागलो, पोरी. देवाची ओवी अशी उघडी ठिवून मी दवाखान्यात जायचो न्हाय."

"मग झीलीला माणसं बोलवू की. सोलापुरात चांगले गाणारे आहेत," मी म्हटलं. सुलाक्कांचंही तेच म्हणणं होतं. तात्यांनी बशी खाली ठेवली. "म्हाळूच्या जागंवर दुसरं कुनी हुबं ऱ्हायचं न्हाय." विषय संपला.

म्हणजे अडचण बघा. ओवी पुरी झाल्याशिवाय हा माणूस ऑपरेशनला जाणार नाही, आणि पुरी करायला दुसऱ्या कुणाला जागा देणार नाही. सुलाक्का बाहेर पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होत्या. मला तात्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

आवाज मधेमधे फाटत होता, म्हणून मी तीच ओवी पाच वेळा भरून घेतली. पहिल्या दिवशी तीन टेक, दुसऱ्या दिवशी दोन. मागून प्रत्येकातल्या चांगल्या ओळी उचलून एक अखंड ओवी बांधायची, हा आमच्या धंद्यातला रोजचा मार्ग. नान्नांची ऑर्डर अडलेली, त्यामुळं पाचही टेकला माग चालू. प्रत्येक टेकमध्ये अकरा ठिकाणी तात्या थांबायचे. ओठ घट्ट मिटून, हात कानावर, डोळे बंद. झीलीएवढा वेळ जायचा, मग पुढची ओळ. दोन्ही माईकच्या वेगळ्या फाईली होत होत्या — पुढचा माईक "अ", आणि तो मोकळा माईक "ब".

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी एडिटिंगला बसले. पाचही टेक इम्पोर्ट केले, एकाखाली एक लावले. ओवीला मीटरचा ठोका नसतो, माणूस कधी सावकाश म्हणतो, कधी भरभर. त्यामुळं टेक पुढंमागं होतात. म्हणून मी प्रत्येक थांब्यापाशी पाचही कापले आणि एका रेषेत आणले. आवाज बारीक आलाय वाटलं, म्हणून वाढवला. मग हेडफोन लावून सगळे एकदम वाजवले... आणि तात्या फार लांबून गातायत असं ऐकू आलं. च्यायला! मी सगळ्या "ब" फाईली उचलल्या होत्या. झीलवाल्याच्या मोकळ्या माईकच्या. दोन तासांची मेहनत पाण्यात. स्वतःला तेलुगूत दोन शिव्या घातल्या आणि डिलीट करायला हात नेला.

तेवढ्यात ओळ संपली. थांबा आला. आणि माझ्या डाव्या कानात कुणीतरी दम घेतला.

आवाज नाही, शब्द नाही. नुसता श्वास. आधी नाकातून छोटासा, अडकल्यासारखा, मग तोंडानं मोठा. गाण्याआधी माणूस छाती भरून घेतो ना, तसा. पुढं काहीच नाही. मग तात्यांची पुढची ओळ. पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. अकराच्या अकरा ठिकाणी.

मी पहिलं काय केलं असेल तर तात्यांवर आळ घेतला. त्यांचाच श्वास असणार. पण "अ" माईकवर तीच जागा ऐकली तर तिथं श्वास नव्हता. तात्या दम घेत होते ते थांब्याच्या शेवटी, ओळ उचलताना, आणि तो स्पष्ट ऐकू येत होता. मग एकेक "ब" ट्रॅक सुटा वाजवला. काही नाही, नुसते माग. दोन एकत्र — तरी नाही. चार लावले तेव्हा अंधुक, पाचला स्वच्छ.

हे कसं होतं ते सांगते. नळावर पाच बायका आपापलं बोलत असतील तर नुसता गलका असतो. पण पाचही जणींनी एकदम, हळू का होईना, एकच नाव घेतलं तर ते गलक्यातून वर येतं. मागांची खटखट प्रत्येक टेकमध्ये वेगळी पडली होती. श्वास मात्र पाचही टेकमध्ये तोच होता. नुसता तसाच नव्हे हो, तोच! जिवंत माणूससुद्धा दोन दिवसांत पाच वेळा असा केसाचाही फरक न पडता श्वास घेऊ शकत नाही. म्हणजे म्हाळू खरोखर तिथं उभे असते तरी हे जमलं नसतं. मला वाटलं, मीच एखादी फाईल चुकून पाच वेळा टाकली. सगळं पुसून कार्डवरून परत घेतलं. परत तेच. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याचा मला संतापही आला.

सांगायचं नाही असंच मी ठरवलं होतं. आजारी माणसाच्या डोक्यात काय भरवायचं? पण चौथ्या दिवशी तात्या आले, आणि सुलाक्कांनी परत झीलीचा विषय काढला. तात्या चिडले. "ऱ्हाऊ दे ते आप्रेशन, गावी चला," म्हणून काठी उचलली. मी काही न बोलता त्यांच्या कानावर हेडफोन चढवला आणि ते पाच ट्रॅक लावले. काय ऐकायचं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या थांब्याला त्यांनी काठी खाली ठेवली. पाचव्याला त्यांनी हेडफोन काढला.

"दोन दम," ते म्हणाले. "आधी नाकानं, मग तोंडानं. नाकातलं हाड वाढलं व्हतं त्याचं. सुले, ऐक."

सुलाक्कांनी ऐकलं आणि त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "काकाच की ओ," एवढंच म्हणाल्या.

"आनि फुडं काय हाय?" तात्यांनी मला विचारलं.

"पुढं काही नाही तात्या. श्वास घेतलाय, पण झील नाही."

पलीकडं माग चालू होते. मग म्हणाले, "कसा धरंल? म्या तोडली त्याची झील. चारचौघांत हुबा ठिवला. आता त्यो म्हनत आसंल, कशावरनं ह्यो थांबंल?" म्हातारा रडत होता आणि डोळे पुसतही नव्हता. मी आपलं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पाणी पिऊन ते उठले आणि पुढच्या माईकला वळसा घालून सरळ दुसऱ्या माईकपाशी जाऊन उभे राहिले. डावीकडं, अर्धं पाऊल मागं. सुलाक्का ताडकन उठल्या. "तात्या, थोरल्यानं धाकट्याची झील धरायची? आसं कुटं आस्तंय व्हय?"

"न्हाय आसत. आज आसंल." मग माझ्याकडं बघून, "पोरी, दोनी माईक चालू ठीव. आज मी झील धरतो. त्याला म्हनावं, तू हो फुडं."

मी म्हटलं, तुमच्याच ओळी हेडफोनमध्ये सोडते, म्हणजे अंदाज येईल. नको म्हणाले. माईकची उंचीही कमी करू दिली नाही, टाचा उंचावून उभे राहिले. हात कानावर ठेवला, डोळे मिटले. मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

खोलीत शांतता. म्हणजे मागांची खटखट होतीच. त्या वेळी पलीकडं जाऊन नान्नांचे पाय धरून माग बंद करायला लावायला हवे होते. सुचलंच नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

थोड्या वेळानं तात्यांनी झील धरली. ओळीचं शेपूट, लांब ओढलेलं. मग गप्प. परत झील. मी काचेमागून बघत होते. त्यांना ती ओवी तोंडपाठ, मनात ओळ म्हणून झाली की झील धरत असतील असं मला वाटत होतं. पण एका जागी त्यांनी धरायला तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. पुढच्यानं ओळ वाढवली की झीलवाला मिटतो तसं. मान हलवली, किंचित हसले, थांबले आणि मग धरली. स्वतःच्याच मनातल्या ओळीला कुणी असं चुकतं का?

शेवटची झील झाल्यावर ते तिथंच खाली बसले. "झाली," म्हणाले. दोन दिवसांनी दवाखान्यात दाखल झाले. सुलाक्कांना काही समजवावं लागलं नाही.

आता माझ्या कामाचं. ती झील मी त्यांच्या पाच टेकखाली लावून बघितली. एकाशीही जुळेना. पाचही टेकपेक्षा ती सावकाश होती, आणि दोन झीलींमधलं अंतर तर कुठल्याच ओळीच्या मापात बसत नव्हतं. शेवटी एकेक झील कापून आपापल्या थांब्यात बसवली. अकरा थांबे, अकरा झीली. ओवी भरली, पुरी झाली. अशी सुंदर लागली की काय सांगू.

पण माझ्या हातात एक झील उरली. मोजल्या तर बारा होत्या. बारावीचे शब्द होते, "दादा आला माघारी". झील नेहमी पुढच्यानं म्हटलेल्या ओळीचीच असते. मी पाचही टेक शब्दन् शब्द ऐकले. अशी ओळ ओवीत कुठंच नाही. सुलाक्कांना फोन केला. त्यांनीही जन्मात ऐकली नव्हती.

मग त्या टेकमधला पुढचा, मोकळा "अ" माईक ऐकला. कितीतरी वेळा ऐकला. लांबून येणारी तात्यांची झील आहे आणि माग आहेत, बाकी काही ऐकू येत नाही. तो एकच टेक आहे, त्याचे थर कशाशी लावू? तीच फाईल पाच वेळा ठेवली तर मागही पाचपट वाढतात, उपयोग शून्य. अजून चार टेक हवेत, आणि ते आता मिळायचे नाहीत. ऑपरेशन झालं, आवाज गेला.

दीड महिन्यानं मी वाडीवर जाऊन पुरी झालेली ओवी ऐकवली. तात्या अंगणात बाजेवर बसले होते, गळ्याला नळी. अकराही झीली त्यांनी मान हलवत ऐकल्या. मग मी ती उरलेली बारावी लावली आणि विचारलं, "तात्या, ही तुमची ओळ कुठली? झीलीआधीची ओळ माझ्याकडं नाही."

त्यांचे ओठ हलले. मला काही कळेना. सुलाक्का ओठांकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं वळल्या.

"ते म्हंत्यात, माजी न्हाय ती ओळ. त्यानं म्हटली... म्या निस्ती झील धरली."

तात्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. मला तिथं रडू आवरलं नाही.

तर असं आहे. श्वास कुणाचा, ओळ कुणाची — मला माहीत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा, मी भांडणार नाही. ती एका टेकची फाईल माझ्याकडं आहे. परवा नान्ना गावाला गेले होते, माग बंद होते. तेव्हाही मी ती लावून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. फाईलमधल्या मागांच्या पलीकडं मला काही ऐकू येत नाही.